तांब्याच्या मण्यातला धागा



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे त्या बाईंनी नाशिकमधल्या मुलींच्या दोन पिढ्यांना शिवण आणि भरतकाम शिकवलं. त्यामुळे विषय कापडाचाच घ्यावा असं मी ठरवलं. मात्र आजचं कापड पेठेतलं नाही आणि कपाटातलंही नाही. माणसाला मातीत ठेवताना त्याच्या अंगावर, गळ्यात, भोवती जे ठेवलं गेलं, त्याचं पुढे काय झालं हे मला सांगायचं आहे.

नेवासं आपल्याला ज्ञानदेवांमुळे ठाऊक आहे. तिथेच प्रवरेच्या काठी लाडमोड नावाची पांढर, म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड, आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात तिथे उत्खनन केलं. वरच्या थरात सातवाहनांच्या काळातल्या वस्तू होत्या, त्याखाली ताम्रपाषाण काळातली वस्ती होती. त्या वस्तीत, म्हणजे तीन हजार वर्षांहून जुन्या थरात, एका लहान मुलाचा सांगाडा निघाला. गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांबं गंजून हिरवं पडलं होतं, पण मण्यांच्या भोकांतून ओवलेला धागा जागेवर होता.

तो धागा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला गेला. त्यात कापूस निघाला आणि रेशीमही निघालं.

या ओळीवरून पटकन पुढे जाऊ नये. कुडाच्या भिंतींची आणि गवताने शाकारलेली घरं, दगडाच्या छिलक्यांची पाती, तांबं तर इतकं दुर्मिळ की ते जपून वापरायचं. अशा गावात एक मूल गेलं आणि त्याच्या गळ्यातली माळ काढून घेतली गेली नाही. तांब्याचे मणी दुसऱ्या मुलाच्या कामी आले असते. ते आतड्याच्या वादीत किंवा अंबाडीच्या सुतळीत ओवता आले असते, पण त्यासाठी कापूस आणि रेशीम वापरलं. ते रेशीम कुठून आलं यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पूर्वी रेशीम म्हटलं की चीन असं समीकरण होतं. २००९ साली हडप्पा आणि चन्हुदडो इथल्या वस्तूंमध्ये रानटी रेशमाचे चार हजार वर्षांहून जुने तंतू ओळखले गेले आणि ते समीकरण सैल झालं. आपल्या उपखंडातले लोक रानातल्या कोशांतून धागा काढत होते, हे आता मानावं लागतं.

नेवाशानंतर पुणे जिल्ह्यात घोडनदीकाठी चांडोलीला १९६०-६१ मध्ये उत्खनन झालं. तिथल्या तांब्याच्या मण्यांत जवसाच्या तंतूंचा धागा मिळाला. जवस आपण चटणीसाठी आणि तेलासाठी ओळखतो. त्याच्या देठातून तागासारखा तंतू निघतो आणि त्याचं तलम कापड होतं. कापूस, रेशीम, जवस, अशा तीन धाग्यांची ओळख या मातीतल्या माणसांना तीन हजार वर्षांपूर्वी होती. या तिन्हींचा पुरावा तांब्याच्या मण्यांच्या भोकांत मावतो. बाकी सगळं कापड गेलं.

ही संस्कृती आपल्याला परकी नाही. तिचं नाव जोर्वे. संगमनेरजवळचं जोर्वे आणि आपलं नाशिक या दोन्ही ठिकाणी सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये एकाच मोहिमेत उत्खनन केलं, आणि दोन्हींचा अहवालही एकत्रच निघाला. नाशिकमध्ये त्यांनी जी जागा खणली ती जुन्या गावातली मातीची गढी. आज तिच्यावर आणि तिच्या भोवती घरं आहेत. म्हणजे गोदावरीच्या या काठावर, आपण बसलो आहोत त्याच्या हाकेच्या अंतरावर, नेवाशासारखेच लोक राहत होते.

त्यांची पुरण्याची रीतही आपल्याला कळली आहे. अगदी लहान मूल गेलं तर दोन मातीचे रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, त्यांत मुलाला ठेवायचं आणि घरातल्याच जमिनीत खड्डा करून पुरायचं. शेजारी वाट्या, तांबे अशी छोटी भांडी ठेवायची. मोठ्या माणसाला उताणं झोपवायचं आणि त्याची पावलं घोट्याखाली कापून टाकायची. याच संस्कृतीच्या इनामगावला १९६८ पासून अनेक वर्षं जे उत्खनन झालं त्यात ही रीत पुन्हा पुन्हा दिसली. गेलेला माणूस घर सोडून जाऊ नये म्हणून पावलं कापत असावेत, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. मला त्याहून जास्त महत्त्वाची वाटते ती मुलाला घरातच ठेवण्याची गोष्ट. रोज ज्या जमिनीवर चूल पेटते, जेवण होतं, झोपणं होतं, तिच्याखाली मूल ठेवायचं. आपल्याकडे आजही अनेक समाजांत मोठ्यांना अग्नी देतात आणि तान्ह्या मुलाला मात्र मातीत ठेवतात. ही रीत किती मागे जाते याची कल्पना नेवासा-इनामगावच्या रांजणांवरून येते.

आता प्रश्न असा की सगळं कापड कुजलं तर हा धागाच कसा वाचला?

कापूस म्हणजे बहुतेक सेल्युलोज, रेशीम आणि लोकर म्हणजे प्रथिनं. दोन्ही जिवाणू आणि बुरशी यांचं खाद्य. त्यांना फक्त ओल लागते, आणि आपल्याकडे चार महिने ती भरपूर मिळते. त्यात आपली काळी माती. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात, त्या भेगांतून हवा आणि पुढच्या पावसाचं पाणी थेट खाली उतरतं. अशा मातीत तलम वस्त्र फार काळ टिकत नाही. तांब्याला चिकटलेल्या धाग्याचं मात्र वेगळं होतं. तांब्याचे क्षार जंतूंना मारक असतात. तांबं गंजू लागलं की ते क्षार ओलाव्याबरोबर धाग्यात शिरतात, जंतू जवळ येत नाहीत, आणि हळूहळू तंतूच्या जागी त्याच्याच आकाराचा खनिजाचा साचा तयार होतो. धागा हिरवा आणि कडक होतो, पण त्याचा पीळ दिसतो. कापसाचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पिळलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो, रेशमाचा गुळगुळीत, आणि जवसाच्या तंतूवर बांबूसारखी पेरं असतात. पारखी माणसाला एवढं पुरतं.

मोहेंजोदडोचं कापड असंच वाचलं. तिथे चांदीच्या भांड्याला चिकटलेला कापडाचा तुकडा मिळाला. तो आणि तिथले इतर नमुने तपासले गेले आपल्या मुंबईत, माटुंग्याच्या कापूस प्रयोगशाळेत. टर्नर आणि गुलाटी या दोघांनी १९२८ साली अहवाल दिला की हा खरा कापूस आहे. पुढे डेक्कन कॉलेजसाठी आपल्याकडच्या धाग्यांचा अभ्यास केला तोही याच गुलाटींनी. आणि बलुचिस्तानात मेहरगढला एका नवाश्मयुगीन थडग्यातल्या तांब्याच्या मण्यात कापसाचा धागा मिळाला, तो जवळजवळ आठ हजार वर्षांपूर्वीचा आहे. मेहरगढ, हडप्पा, नेवासं, चांडोली, सगळीकडे तीच कथा. आपल्या वस्त्राचा प्राचीन इतिहास म्हणजे मण्यांच्या भोकांतला इतिहास.

आता मी तुम्हाला जगाच्या दुसऱ्या टोकाला नेतो. कापड सडलं नसतं तर काय दिसलं असतं, हे तिथे दिसतं.

दक्षिण अमेरिकेत पेरू देशाच्या दक्षिण किनाऱ्यावर पाराकास नावाचं द्वीपकल्प आहे. एका बाजूला अँडीज पर्वत, दुसऱ्या बाजूला प्रशांत महासागराचा थंड प्रवाह, आणि मधल्या पट्ट्यात जवळजवळ पाऊसच नाही. जगातल्या सर्वांत कोरड्या वाळवंटांपैकी हे एक. पेरूचे पुरातत्त्वज्ञ हुलिओ सेसार तेयो १९२५ साली तिथे पोचले. तेयो डोंगरातल्या एका खेड्यातल्या आदिवासी घरात जन्मले, लिमात वैद्यक शिकले, हार्वर्डला मानववंशशास्त्र शिकले आणि मायदेशी परत आले. १९२७ मध्ये त्यांच्या तुकडीला वारी कायान या जागी वाळूत एक दफनभूमी सापडली. तिच्यातून कापडात गुंडाळलेल्या मृतदेहांची ४२९ गाठोडी निघाली.

गाठोडं म्हणजे नेमकं काय ते ऐका. मृताला गुडघे छातीशी घेऊन बसवलेलं, खाली टोपली. त्याभोवती कापड गुंडाळलेलं, मग भरतकामाचं वस्त्र, मग पुन्हा साधं सुती कापड, पुन्हा भरतकामाचं वस्त्र, असे थरावर थर. लहान गाठोड्यात एक-दोनच वस्त्रं. मोठ्यांत अनेक डझन. शाली, खांद्यावरून घ्यायचे आखूड अंगरखे, फेटे, कमरवस्त्रं. एका माणसाला आयुष्यभर वापरता येणार नाहीत एवढी वस्त्रं एका माणसाबरोबर पुरलेली. ही सारी साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची, म्हणजे आपल्याकडे पैठणला सातवाहन राज्य करत होते त्या सुमाराची.

त्यांतली मोठी शाल साधारण अडीच मीटर लांब असते. मूळ कापड सुती किंवा लोकरीचं, त्यावर अल्पाकासारख्या उंटवर्गीय प्राण्यांच्या लोकरीने भरलेलं. टाका जवळजवळ सगळीकडे एकच. आपल्याकडे फुलांचे देठ भरायला जो देठाचा टाका शिकवतात, तोच. सुई कापडाच्या चार धाग्यांवरून पुढे जाते, दोन धागे खालून मागे येते, पुन्हा चार पुढे. इथे बसलेल्या ज्या भगिनींनी भरतकाम केलं आहे त्यांच्या हाताला हे माहीत आहे. पण आपण त्या टाक्याने एक देठ काढतो आणि थांबतो. पाराकासच्या बायापुरुषांनी तो टाका रांगेला रांग लावून असा भरला की खालचं कापड दिसेनासं झालं. आकृती आहेत माणसांच्या, पक्ष्यांच्या, माशांच्या, मोठ्या डोळ्यांच्या एका दैवताच्या. कुणी कंबरेतून मागे वाकून हवेत तरंगतो आहे, केस सुटलेले, एका हातात पंखा. कुणाच्या हातात कापलेलं मुंडकं. तीच आकृती शालभर चौकटी-चौकटींत पुन्हा पुन्हा येते, पण दर वेळी रंगांची जुळणी बदलते, आणि एका चौकटीत ती उभी असली तर शेजारच्या चौकटीत उलटी असते. निळा रंग निळीचा. लाल रंग मंजिष्ठेच्या कुळातल्या एका वेलीच्या मुळांचा. मोहेंजोदडोच्या त्या तुकड्यावरचा लालही मंजिष्ठेचाच सांगितला जातो. समुद्र ओलांडून कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. मुळं उकळली की लाल उतरतो हे दोन्हीकडे माणसांनी आपापलं शोधलं.

काही शाली अर्धवट आहेत. आकृतीची बाह्यरेषा भरलेली, आत रंग भरायचा राहिलेला. एका कोपऱ्यात काम संपत आलेलं, दुसरा कोपरा कोरा. या अपुऱ्या शालींवरूनच अभ्यासकांना कळलं की काम कुठून सुरू होत असे, आधी रेषा मग भरणी कशी होत असे आणि एका शालीवर अनेक हात कसे बसत असत. पूर्ण वस्त्रापेक्षा मला ही अपुरी वस्त्रं अधिक मोलाची वाटतात, कारण त्यांत कारागीर काम करताना दिसतो.

पेरूतही सगळं सुखाचं झालं नाही. तेयोंचं काम १९३० मध्ये राजकीय उलथापालथीत थांबलं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत चोरांनी ती वाळू उपसली. शाली युरोप-अमेरिकेत गेल्या. त्यांतला एक मोठा संग्रह स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात पोचला होता. त्या शहराने ८९ वस्त्रं टप्प्याटप्प्याने परत द्यायचं कबूल केलं आणि २०१४ साली पहिली चार वस्त्रं पेरूला परत गेली. मला ही घटना फार मोठी वाटते. कापड इतकं नाजूक झालेलं होतं की ते हलवावं की नाही यावरच तज्ज्ञांत खल झाला. तरीही ते घरी गेलं.

पेरूची वाळू आपल्याला मिळणार नाही. मग आपल्या जुन्या कापडाचा माग कसा काढायचा? निदान दोन वाटा आहेत, आणि त्यांतली एक थेट नाशकातून जाते.

पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाचं लेणं राजा नहपानाच्या काळातलं आहे. त्याच्या ओसरीत नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, वर्ष ४२, म्हणजे साधारण एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. लेणं भिक्षुसंघाला दिलं आणि त्याबरोबर तीन हजार कार्षापण नाण्यांची कायम ठेव दिली, असं त्यात म्हटलं आहे. ठेव ठेवली गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे. गोवर्धन गाव आजही गंगापूर रस्त्याला आहे. एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक दराने. दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण. पहिल्या ठेवीच्या व्याजातून पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. हिशेब करून पाहा. दोन हजारांवर वर्षाचं व्याज दोनशे चाळीस, वीस भिक्षूंना बारा-बारा म्हणजेही दोनशे चाळीस. एका पैशाचा फरक नाही. मुद्दलाला हात लावायचा नाही हेही लिहिलं आहे, आणि हे सगळं नगरसभेत वाचून नोंदवल्याचंही. विणकरांची श्रेणी म्हणजे त्या काळची पेढी होती, आणि तिच्यावर राजाच्या जावयाचा विश्वास होता. चीवरातला एक धागासुद्धा उरलेला नाही. त्याचा भाव, वापरणाऱ्यांची संख्या आणि विणणाऱ्यांचं गाव मात्र आपल्या डोंगरावर कोरलेलं आहे. नाशकात राहून तो लेख ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी या आठवड्यात जाऊन पाहावा.

दुसरी वाट परदेशाची. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या वृत्तांतात पैठण आणि तेर इथून भडोचकडे माल येतो असं लिहिलं आहे, आणि तेरच्या मालात साधं कापड आणि मलमल यांची नावं आहेत. भडोचहून जहाजं तांबड्या समुद्राकडे जात. त्या समुद्रावर इजिप्तचं बेरेनिके हे बंदर आहे आणि तिथे वाळू आहे. उत्खननात तिथे सुती कापडाचे तुकडे मिळाले, जहाजाच्या शिडाचं कापडही मिळालं. ते भारतातलं असावं हे ओळखलं कशावरून? पिळावरून. इजिप्तमधले लोक सूत डावीकडे पिळत, आपले लोक उजवीकडे. कातणाऱ्याच्या हाताची सवय दोन हजार वर्षांनी साक्षीला उभी राहिली. त्यांतलं एखादं कापड तेरचं असेल, एखादं पैठणचं. आपल्या मातीने जे गिळलं ते दुसऱ्यांच्या वाळूने राखलं.

मी इतका वेळ मातीला दोष देतो आहे. आपल्या हातांबद्दलही बोललं पाहिजे.

नाशिक जिल्हा म्हणजे येवल्याचा जिल्हा. पैठणी जिथे आजही हातमागावर विणली जाते तो हा जिल्हा. जुन्या पैठणीच्या पदराला आणि काठाला खरी जर असे, म्हणजे चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा. पैठणी विरली की जर विकत घेणारे दारावर येत. मग ती पैठणी जाळली जाई, राखेतून चांदी-सोनं गाळलं जाई आणि घराला चार पैसे मिळत. अडचणीच्या काळात घरातल्या बायकांनी ते केलं, त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण परिणाम काय झाला ते पाहिलं पाहिजे. नेवाशाला धातूमुळे धागा वाचला. पैठणीच्या बाबतीत धातूमुळेच धागा जळला. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या किती नक्षी, किती रंग, पदरावरच्या किती मोरांच्या तऱ्हा त्या राखेत गेल्या. पाराकासच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शालीचा टाका मी तुम्हाला सांगू शकतो. येवल्याच्या एखाद्या घरातल्या पणजीच्या लग्नाच्या पैठणीचा काठ कसा होता, हे त्या घरालाही सांगता येत नाही.

आणि पांढर. गोदावरी, प्रवरा, गिरणा, तापी यांच्या काठाने गावोगाव या जुन्या वस्त्यांच्या पांढरी आहेत. ती माती शेतात खत म्हणून टाकायला चांगली, घराच्या धाब्यावर घालायला चांगली, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या बैलगाड्यांनी नेली. आता ती जेसीबीने उचलली जाते. बैलगाडी भरताना फावड्याला रांजण लागला तर माणूस थांबायचा. जेसीबीच्या बादलीत रांजण, हाडं, मणी सगळं एकत्र जातं आणि चालकाला ते दिसतही नाही.

म्हणून या व्यासपीठावरून माझं एक मागणं आहे, आणि ते समोर बसलेल्या शेतकऱ्यांकडे, शिक्षकांकडे आणि मुलांकडे आहे.

नांगरताना, विहीर खणताना, पांढरीची माती उचलताना तोंडाला तोंड लावलेले रांजण दिसले तर काम थांबवा. हिरवट मणी सापडला तर तो चिंचेने घासू नका, पाण्यात टाकू नका, भोकात काडी घालून साफ करू नका. आपल्या सवयीने तांबं चकचकीत करायला हात जातो, आणि जो गंज आपण काढून टाकतो त्यातच तीन हजार वर्षांपूर्वीचा धागा असतो. मणी ज्या मातीत मिळाला त्या मातीसकट साध्या कोरड्या कागदात ठेवा. जागेचा फोटो काढा, किती खोलीवर मिळाला ते लिहा. तलाठ्याला किंवा तहसीलदाराला कळवा, नाहीतर सरळ आपल्या सरकारवाड्यात, राज्य पुरातत्त्व विभागाच्या कार्यालयात या. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे आणि सापडलेली वस्तू कळवणं हे त्यानुसार आपलं कर्तव्यच आहे.

आणि ज्यांच्या घरात जुनी पैठणी, जुनी कुंची, आजीने भरलेली चोळी आहे, त्यांनी ती विकण्याआधी किंवा फेकण्याआधी तिचे दोन्ही बाजूंनी फोटो काढावेत. उलट्या बाजूचा फोटो विसरू नये, टाका कसा घातला ते तिथेच दिसतं. वस्त्र कोणाचं, कोणत्या गावी विणलं किंवा भरलं, कोणत्या साली, हे एका कागदावर लिहून वस्त्राबरोबर ठेवावं. पैठणीची घडी दर काही महिन्यांनी बदलावी, नाहीतर ती घडीवरच फाटते. हे काम कुठल्याही संस्थेवाचून, कुठल्याही अनुदानावाचून, उद्या सकाळी सुरू करता येतं. ते करा.